डेनिसला कोणी विचारत नाही

निमोणे,
रविवार, ३० जुलै २००६

रुद्र,

बरा असशील. इकडे सगळं ठीक. आईचा खोकला गेला. कॉम्प्युटरला यूपीएस घेतला, त्यामुळे लाईट गेली तरी सेव्ह केलेला गेम उडत नाही. फोन केला नाही, कारण हल्ली मी तुझा नंबर लावला की हॉलमधले सगळे टीव्हीचा आवाज कमी करतात. म्हणून पत्र, आणि तेही तुझ्या कुरकुंभच्या कंपनीच्या पत्त्यावर.

आधी आपल्या फुटबॉलच्या गेमचं बोलते. तू म्हणाला होतास की बाकी डेटाबेस भारी आहे, पण दोन देशांकडून खेळू शकणाऱ्या प्लेयर्सचं सगळं फेक आहे. डेनिसवरून भांडलो होतो आपण. गेममध्ये मी बेल्जियमच्या टीमची मॅनेजर. डेनिस एकोणीस वर्षांचा, बाप बेल्जियमचा, आई घानाची. घानाने बोलवायच्या आत मी त्याला उचलला. नुसत्या फ्रेंडली मॅच, ज्या मोजत नाहीत, त्या खेळवल्या तोपर्यंत त्याच्या नावापुढे दोन्ही देश उघडे होते. मग युरो कपच्या क्वालिफायरला, म्हणजे मोजायच्या मॅचला, शेवटची पाच मिनिटं उतरवला आणि घानाकडून खेळणं कायमचं बंद. तू चिडलास. म्हणालास, खऱ्यात असं होतं का, त्याला कोणी विचारलं तरी का, त्याच्या आईला काय वाटेल.

तेव्हा मी हसले होते. आता माझं मत ऐक. गेम शंभर टक्के रिअलिस्टिक आहे. फेक तू आहेस.

गेल्या रविवारी भामाआत्या आणि तुझे पप्पा तुला घेऊन दौंडहून आले. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि कप खाली ठेवेपर्यंत माझं लग्न ठरलं होतं. आत्या म्हणाली, "भाच्याचा हक्कच हाय, दादा. बाहेरची पोरगी कशाला हुडकायची?" आप्पा पण लगेच तयार. पोरगी घरातल्या घरात राहील म्हणे. माझं बी.सी.एस.चं एक वर्ष बाकी आहे, ते कोणाच्या तोंडी पण आलं नाही.

मी म्हणाले, मी याला राखी बांधलीये. तुझ्या पप्पांची मनमाडला बदली होती तेव्हा तू पाचवी ते दहावी आमच्याकडेच होतास. आजी ओरडायची की आतेभावाला राखी बांधत नसतात, पण मला भाऊ नाही म्हणून आईने बांधू दिली. यावर आत्या हसली. "पोरवयातल्या राख्या कुनी धरतं व्हय?" म्हणजे त्या सगळ्या फ्रेंडली मॅच. मोजायच्याच नाहीत.

आणि मग आप्पांनी तुला विचारलं. आठवतंय ना? "रुद्रा, तुझं काय म्हननं हाय?" आणि कुठल्यातरी डेनिससाठी माझ्याशी तासभर भांडणारा तू, खाली बघत म्हणालास, "मामा म्हणतील तसं."

डेनिसला कोणी विचारलं नाही. मला पण नाही. आख्ख्या खोलीत विचारलं फक्त तुला, आणि तू ते वाया घालवलंस.

मी मंगळवारी आप्पांना सरळ सांगितलं की मला हे करायचं नाही. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरानं मोडलं तर मोडलं. पोरीनं मोडलं की बहीन तुटती माझी." मला इतका राग आला की मी जेवले नाही. राग त्यांचा आलाच, पण जास्त तुझा. माझ्या 'नाही'ला किंमत नाही आणि तुझ्याला आहे, आणि तुला ते माहीत होतं.

एक गोष्ट मी पहिल्या ओळीपासून टाळतेय. तुला हे हवंय का? म्हणून गप्प बसलास का? तसं असेल तर निदान तेवढं तोंडाने सांग. मला वाईट वाटेल, पण मी तुझ्या तोंडावर नाही म्हणेन. घाबरून गप्प बसला असशील तर मात्र जास्त वाईट वाटेल.

सुपारी दसऱ्याला फोडणार आहेत. त्याआधी नऊ तारखेला राखी पौर्णिमा आहे. आत्या आप्पांना राखी बांधायला येणारच. तू तिला गाडीवरून घेऊन ये. तिचं झालं की मी ताट घेऊन तुझ्यासमोर बसणार आहे, सगळ्यांच्या देखत. तू बावीसचा, मी वीसची. आता याला पोरवय कोणी म्हणू शकणार नाही. तू हात पुढे केलास तर त्यानंतर सुपारीचं नाव काढायची कोणाची हिंमत नाही.

नाही केलास, किंवा आलाच नाहीस, तर आत्याला जे सांगायचं ते मी एकटी सांगेन. बहीण तुटली तर तुटली. पण मग परत आमच्या घरी येऊन कॉम्प्युटरपुढे माझ्या शेजारी खुर्ची ओढून गेम बघत बसू नकोस.

आत्याला नमस्कार सांग. नको, पत्र आल्याचंच सांगू नकोस.

नऊ तारखेपर्यंत तरी तुझी बहीण,
हर्षदा