भरदुपारची चांदणी

चि. पोलिक्सेनी हिला स्तामातिसदादाचे आशीर्वाद.

थेस्सालोनिकीत तुझा डोळ्यांचा दवाखाना, तुझा नवरा आणि त्याचा गुडघा हे तिन्ही नीट चालत असतील असं धरून चालतो. इकडे मी ठणठणीत आहे. भूक चांगली, झोप चांगली, आणि नजर तर तिशीतल्या माणसासारखी (दर ईस्टरला माझ्या डोळ्यांत विजेरी मारून तू मोतीबिंदूचं जे पुराण लावतेस ते यंदा नको, म्हणून आधीच सांगून ठेवतो). अक्षर मोठं वाटेल, तो दोष पेनाचा.

कप्तान मिकेसची शिष्यवृत्ती तुला आठवत असेल. बेटावरचं जे पोर विद्यापीठात भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्र शिकायला जाईल, त्याचा चार वर्षांचा राहण्याजेवणाचा खर्च कप्तानाच्या ठेवीतून होतो. निवड करणारे तिघे: गावचे पाद्री, शाळेच्या बाई आणि एक निवृत्त खलाशी. म्हणजे सध्या पापा-याकोवोस, दियालेख्तीबाई आणि एकतीस वर्षं सुकाणू धरलेला मी. अट एकच, पण विक्षिप्त. कप्तानाने मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की रात्री चांदणी कुठलाही मेंढपाळ दाखवील. उमेदवाराने ती भरदुपारी दाखवावी, तिघांनी नुसत्या डोळ्यांनी पाहावी आणि सही करावी. तिघांपैकी एकाला जरी दिसली नाही, तरी शिष्यवृत्ती नाही. आजवर दोनच उमेदवार आले. दोन्ही वेळा आम्ही कॉफी पीत वहीत 'आकाश ढगाळ, तरी दाखवली असे समजावे' असं लिहून सह्या ठोकल्या.

यंदा आली आर्गिरो, बोटीच्या तिकीट-खिडकीवर बसते त्या बाईची मुलगी. तिला हेराक्लिओनला भौतिकशास्त्राला प्रवेश मिळालाय, पण तिथे खोली घेऊन राहण्याची घरची ऐपत नाही. शिष्यवृत्ती हुकली तर आईशेजारची दुसरी खिडकी तिची वाट बघतेच आहे. आम्ही तिच्यापुढे वांग्याच्या मुरांब्याची बशी ठेवली आणि म्हटलं, सह्या करतो, जा पोरी. पण ती जुनी वही चाळत बसली.

"सप्टेंबरात ढगाळ?" ती म्हणाली. "काका, आपल्या बेटावर सप्टेंबरात ढग कुणी पाहिलाय का कधी?"

पापा-याकोवोसना एकदम खोकला आला.

मग सोमवारी दुपारी आम्ही तिघं चर्चच्या गच्चीवर, घंटाघराच्या सावलीत, माना वर करून उभे. (सूर्य घंटाघराच्या आड गेला की शुक्राची चांदणी दिवसाही दिसते म्हणे, कुठे बघायचं ते मात्र माहीत हवं.) शुक्र हा ग्रह, त्याला चांदणी कसं म्हणायचं, असा मुद्दा पापांनी काढला. "कप्तान चांदणीच म्हणायचे. वर बघा," असं म्हणून दियालेख्तीबाईंनी तो संपवला. आर्गिरोने कागदावरचं गणित पाहिलं, हात लांब करून मुठींनी अंतर मोजलं आणि बोट दाखवलं. आम्ही डोळे बारीक करकरून पाहिलं. शेवटी बाई म्हणाल्या, "हो, हो, दिसली." पापांनी छातीवर क्रूस केला. मी मागे राहू नये म्हणून म्हणालो, "लुकलुकतेय की छान!" सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी परत आली, डोळे रडून सुजलेले. ज्या कोष्टकावरून तिने गणित केलं, त्यातली वेळ ग्रीनविचची होती. तिने आपल्याकडचे दोन तास मिळवले, पण उन्हाळ्यात घड्याळं आणखी एक तास पुढे करतात, तो तिसरा विसरली.

"काका, मी दाखवलं तिथे काहीच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही काय पाहिलंत?"

पोलिक्सेनी, बिस्केच्या उपसागरात मी वादळं काढली आहेत, पण त्या पोरीच्या नजरेला नजर देणं जमलं नाही. बाई टेबलावरचे पावाचे कण वेचत बसल्या. ती बोलली नसती तर कुणाला काही कळलं नसतं. तिनेच वहीतल्या नोंदीवर काट मारली. म्हणे, चुकीच्या निरीक्षणावर शिष्यवृत्ती नको. मला आधी तिचा राग आला, इतकं शहाणं कशाला असावं माणसाने! आणि मग स्वतःची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

त्याच दुपारी पुन्हा गच्ची. तिने बोट दाखवलं आणि बाई शाळेतल्या पोरीसारख्या ओरडल्या, "अगं बाई, आहे! खरंच आहे!" पापा क्रूस करायचाही विसरले, नुसतेच बघत राहिले. मी मान दुखेपर्यंत पाहिलं. आर्गिरोने माझी हनुवटी धरून वळवली. मला दिसलं ते दूध सांडल्यासारखं निळं, दुसरं काही नाही. जिभेवर 'दिसली' तयार होतं. तरी म्हणालो, "मला दिसत नाही गं." मग हळूच सुचवलं की वहीत ढगाळ लिहून टाक.

"आभाळ स्वच्छ आहे, काका," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'आकाश स्वच्छ. दोघांना दिसली. तिसऱ्यांना नाही.' मग माझं कोपर धरून तिने मला जिना उतरवला. मी काही मदत मागितली नव्हती.

बाकी सर्व कुशल. नवऱ्याला गुडघा जपायला सांग.

तुझा,
स्तामातिसदादा

ता.क. दियालेख्तीबाईंनी मृत्युपत्र पुन्हा वाचलं. पंधरा ऑक्टोबरपर्यंत उमेदवाराला हव्या तितक्या वेळा दाखवता येते.

दुसरा ता.क. वर नजरेबद्दल लिहिलेलं वाक्य खोडून टाक. गेल्या आठवड्यात मी दोरीवर वाळत घातलेल्या पापा-याकोवोसांच्या झग्याला वाकून नमस्कार केला आणि त्याची प्रकृतीही विचारली. तीन वर्षं तुला ऑपरेशन नको म्हणालो, कारण भीती वाटते. अजूनही वाटते. तरी मंगळवारच्या बोटीने निघतोय, मुरांबा घेऊन. उजवा डोळा आधी कर.

तिसरा ता.क. डोळ्यावरची पट्टी कुठल्या दिवशी सुटेल ते आधी कळव. आर्गिरोला पुन्हा चांदणीचं गणित मांडायचंय. ती तिसरा तास आता विसरायची नाही. मला फक्त वर बघून खरं बोलायचंय.