पान ११२

बसवकल्याण, ७ जुलै १९७४

निवृत्त होऊन पाच आठवडे झाले. तीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता जीवशास्त्र करायचं. चिंचोळीच्या जंगलातला राखणदार हावगेप्पा बिस्किटाच्या डब्यातून बारा सुरवंट घेऊन आला. अंगभर लोकर, पाठीवर चार पिवळे झुपके. म्हणाला, अक्का, असलं केसाळ पंचवीस वर्षांत दोनदाच बघितलंय. म्हणजे दुर्मिळ. पतंग निघाले की जगाला कळवायचं.

घरकामाच्या राजूबाईकडून दुधाचं जाळीचं कपाट रिकामं करून घेतलं. म्हणाली, मग दूध काय डोक्यावर ठिवू का? शास्त्रासाठी थोडं सोसावं लागतं, असं तिला शांतपणे सांगितलं.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे. रोज नोंद. गोड बंद.

११ जुलै, सकाळी ८

आजपासून पाचला उठणार होते. काल भिंगातून पाहून डोळ्यांवर ताण आला होता.

सिस्टर बर्नडेटचं कीटकांचं पुस्तक काढलं. १९३०, सिकंदराबादचं कॉन्व्हेंट, आठवी. अख्ख्या वर्गात हे एकच पुस्तक. शाळा सोडताना सिस्टरनी ते मला दिलं, कारण मी मॉनिटर. अजून त्याला चॅपेलमधल्या मेणाचा वास येतो. पान ११२ आणि ११३ सिस्टरनी एकमेकांना चिकटवून टाकलेली. मुलींनी पाहू नये असं काही असणार. मी कधी पाहिलं नाही. पुढे मीही दर जूनमध्ये मैद्याची खळ करून शाळेच्या पुस्तकांतली तसली पानं चिकटवत आले. खळीत मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. हे सिस्टरनीच शिकवलं.

१४ जुलै

वर्गीकरणाचा अभ्यास. पुस्तक म्हणतं : या गटात पंखांवर विसंबू नये, पोटाचं शेवटचं टोक भिंगाखाली तपासावं, आकृती पान ११२.

मी पंखांवरूनच ठरवणार. सभ्य माणसाला पंख पुरतात.

एक पेढा खाल्ला. हावगेप्पाच्या नातवाचा होता. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

२ ऑगस्ट

बाराही सुरवंट कोषात गेले. मधल्या नोंदी राहिल्या. घडलं काहीच नाही, म्हणून.

१९ ऑगस्ट

पतंग निघाले! आणि एक नव्हे, दोन जाती!!

जात पहिली : मोठी, पांढरी, पोट जाड, पोटाच्या टोकाला लोकरीचा गोंडा. मिशा दोऱ्यासारख्या. हालचाल कमी. हिचं नाव सिस्टरांवरून, बर्नडेटा.

जात दुसरी : लहान, तपकिरी, सडपातळ, मिशा फणीसारख्या. सारखी फडफडते. हिचं नाव कमलिनी. कमलिनी माझी वर्गातली बाकमैत्रीण, आता हैदराबादला प्राणिशास्त्राची प्रोफेसर. जिला आधी नवं फुलपाखरू सापडेल तिनं ते दुसरीच्या नावे करायचं, असं आम्ही चॅपेलमागच्या पेरूच्या झाडाखाली ठरवलं होतं. मी वचन पाळलं.

२१ ऑगस्ट

दोन्ही जातींत हाडवैर आहे. एकमेकींकडे पाठ करून, टोकाला टोक अडकवून, तासन् तास ओढाताण. फुटपट्टीने सोडवलं. कपाटावर टेबलक्लॉथ घातला.

राजूबाई म्हणाली, बाई, कामून सोडवायलात त्यांना? भांडायलेत ते, मी म्हटलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, व्हय, असल्याच भांडणातनं मला सहा लेकरं झाली. तिला अंगणात पाठवलं. अशिक्षित माणसांना शास्त्र सांगणं व्यर्थ.

२३ ऑगस्ट

बर्नडेटाने शत्रूच्या भीतीने शेकडो बारीक दाणे टाकले, वर स्वतःच्या पोटाची लोकर चिकटवली. असं कुठं लिहिलेलं नाही. हे ‘भीतीचे दाणे’ म्हणून निबंधात घालावं.

२६ ऑगस्ट

दोन्ही जातींचे दोन दोन नमुने कमलिनीला रजिस्टर पार्सलने. लेबलं जुनीच, ‘म्हैसूर राज्य’ छापलेली. मागच्या वर्षी राज्याचं नाव बदललं म्हणून चांगली लेबलं का टाकायची?

पोटांची टोकं पाठवण्याआधी कात्रीने काढून टाकली. पार्सल किती पुरुषांच्या हातांतून जातं. शाळेतली माझी जुनी विद्यार्थिनी हेमावती, आता नर्स, तिचा चिमटा उपयोगी पडला. टोकं मी कात्रीने उडवताना ती काहीतरी बोलणार होती. बोलली नाही. गुणी मुलगी.

१८ सप्टेंबर

कमलिनीचं उत्तर नाही. पोस्टमन कल्लप्पा दारावरून मान हलवत जातो.

२९ सप्टेंबर

हेमावतीने इंग्रजी पेपर आणला. प्रोफेसर कमलिनी बंगलोरच्या परिषदेत निबंध वाचणार. विषय : दख्खनचे पतंग.

सगळं लक्षात आलं. बारा वर्षांची असताना जिच्या डब्यातलं लोणचं मी कधी न विचारता घेतलं नाही, ती माझे पतंग घेऊन बंगलोरला. त्या बाकावर आमच्या दोघींची नावं मीच कोरली होती, पकडले गेल्यावर छड्याही मीच खाल्ल्या.

दुसऱ्या जातीचं नाव खोडलं. आता ती विमला. माझ्या नावावरून. वचन गेलं खड्ड्यात.

रात्री तीन पेढे. दुःखात गोड मोजत नाहीत.

९ ऑक्टोबर

कमलिनीचं पत्र. जसंच्या तसं उतरवते, म्हणजे पुढे पुरावा राहील.

‘विमल, परिषदेच्या धावपळीत उशीर झाला, रागावू नकोस. टोकं का कापलीस गं? तरी ओळख पटली. पांढरी ती मादी, तपकिरी तो नर. दोन जाती नाहीत, एकच जोडपं आहे. भीतीचे दाणे म्हणजे अंडी. शंभर वर्षांपूर्वी एका साहेबाने नाव देऊन टाकलंय. पण इतका दुर्मिळ गट आपल्याकडे आहे हे तुझ्यामुळे कळलं, तसं मी बंगलोरला तुझं नाव घेऊन सांगितलं. हे सगळं सिस्टरच्या पुस्तकात पान ११२ वर आहे की! आम्ही ते त्याच वर्षी आयाच्या किटलीच्या वाफेवर सोडवून वाचलं, मग भाताच्या शितांनी परत चिकटवलं. तुला सांगितलं नाही. तू मॉनिटर. तू सिस्टरला सांगितलं असतंस.’

सांगितलं असतं. त्यात काय शंका.

१० ऑक्टोबर

किटली ठेवली. वाफ लागायच्या आत पान सुटलं. शितं वाळून करकरीत झाली होती. आत रंगीत चित्र : पांढरी मोठी, तपकिरी लहान, शेजारी शेजारी, खाली एकच नाव. तळाला आकृत्या. त्या पाहिल्या. सगळ्या.

राजूबाई खांद्यावरून वाकून म्हणाली, मी काय सांगत होते? हे बघा की, नवरा-बायको.

समासात पेन्सिलीने बारीक सह्या. सगळ्यांत वर कमलिनीची, तो तिचा वळणदार ‘के’. मोजल्या. अठरा. वर्गात आम्ही एकोणीस होतो.

दुसरं नाव पुन्हा कमलिनी करणार होते. आता नाव द्यायला उरलंच काय?

१३ ऑक्टोबर

हेमावती चिमटा न्यायला आली. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, चव्वेचाळीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही. आपल्या शाळेत निदान असं कधी झालं नाही.

ती चिमटा पुसत राहिली. मग म्हणाली, बाई, रागावणार न्हाई ना? आमाला किटली बी लागत नव्हती. तुमची खळ लई पातळ असायची. नखानं सुटायची.

कोणकोण, विचारलं. म्हणाली, सगळ्याच की, बाई. दरसाल.

कपाट धुऊन राजूबाईला दूध ठेवायला परत दिलं.

मैदा भेसळीचा असणार.