साताऱ्यापर्यंतचा वेळ

मंगळवार, संध्याकाळ. कोरेगाव.

कंपनी फ्रान्सला ट्रेनिंगला पाठवणार म्हणून शिरवळला फ्रेंचचा क्लास चालू आहे. दादा गेल्यापासून आज पहिल्यांदा गेलो. नेमका धडा कशाला किती वेळ लागतो, ते सांगण्याचा. बाईंनी सहज विचारलं, कोरेगावहून साताऱ्याला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, अँब्युलन्सला सव्वा तास लागला. फ्रेंचमध्ये सरळ बोलून गेलो. बाई म्हणाल्या, "छान, वाक्य अगदी बरोबर." बरोबरच आहे. एरवी अर्धा तास, पण पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. सव्वा तास. दादा दवाखान्याच्या दारातच गेला.

घरी आलो तर वहिनीचा भाऊ तिला दुखवट्यासाठी माहेरी न्यायला माणहून आलेला. "ताई, चल की गं. किती दिस अशी बसणार हायस?" ती उठेना. मला बघून तिने रोजचंच विचारलं, "भावजी, पोचायला किती वेळ लागला?"

रोज मी विषय बदलतो. लवकर पोचलो असतो तर, हेच ती धरून बसेल अशी भीती. आज का कोण जाणे, सांगून टाकलं. सव्वा तास.

ती म्हणाली, "तुमी पुढं डायवरपाशी बसला हुता."

"फाट्यावरच मागं गेलो, वहिनी. शेवटपर्यंत त्याचा हात धरून होतो."

"मग तुमी लय वेळ हुता की त्यांच्यासंगं. मला वाटलं, एकलंच गेलं."

आणि भावाला म्हणाली, "पिशवी घे रं माझी."