बारा अंशांचा फरक

प्रिय ताई,

हे पत्र तुला स्टिअरिंगला चिकटवलेलं सापडेल. उभ्या उभ्या वाचू नकोस, आत बस आणि शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगायला गेलो तर तू मला हसवशील, मी विषय बदलेन आणि उद्या सकाळी तू सहलीच्या अकरा मुलांना व्हॅनमध्ये कोंबून डोंगर चढायला लागशील.

मी मोठ्या हौसेने तुझ्या गाडीला पाण्याच्या तापमानाचा वेगळा मीटर बसवून दिला आणि तुमच्या घरात कटकट सुरू झाली. गाडीचा कॉम्प्युटर स्क्रीनवर ब्याण्णव दाखवायचा, माझा मीटर एकशे चार. भावोजींचं म्हणणं एकच, कंपनीचं खरं, मेव्हण्याचं खोटं. मी परोपरीने सांगितलं की दोघंही खरंच बोलतात. माझा सेन्सर इंजिनातून तापलेलं पाणी बाहेर पडतं तिथे आहे, कंपनीचा जरा थंड कोपऱ्यात. पण त्यांनी चारचौघांत माझ्या कारागिरीची टर उडवली आणि माझं डोकं फिरलं. एका दुपारी मी मीटरच्या वायरमध्ये आकडा खाली ओढणारा, शेंगदाण्याएवढा रेझिस्टर जोडला. दोन्ही आकडे जुळले. भावोजी खूश झाले, तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि मी, गाढवासारखा, गप्प बसलो.

परवा तू फोनवर सहज म्हणालीस, आकडे आता शहाण्यासारखे वागतात, फक्त चढावर हीटर गार हवा फेकतो आणि कसलातरी गोडसर वास येतो. पुढे तू शेजारणीचं काहीतरी सांगत होतीस, मला एक शब्द ऐकू आला नाही. हीटरला गरम पाणी मिळत नाही म्हणजे पाणी कुठेतरी जातंय, आणि गोडसर वास त्यात मिसळलेल्या कूलंटचा. काल वर्कशॉपमध्ये तसाच मीटर, तसाच रेझिस्टर घेतला आणि सेन्सर उकळत्या पाण्यात सोडला. बाराचाच फरक आला, जरा जीव भांड्यात पडला. मग पाण्याऐवजी तेल घेतलं आणि तापवत नेलं. तेल एकशे तीसवर गेलं तेव्हा मीटर एकशे दोन दाखवत होता. गाडी जितकी तापेल तितका तो जास्त खोटं बोलेल, ताई. आणि पाणीच संपलं तर कंपनीचा सेन्सर नुसत्या हवेत लटकेल, तोही शांत राहील. इंजिन जळेपर्यंत तुला दोन्हीकडे सगळं ठीक दिसेल.

आज तू बाहेर गेल्यावर येऊन तुमच्या खुंटीवरच्या चावीने गाडी उघडली, बॉनेट वर केलं. पाण्याची टाकी कोरडी होती आणि खाली फरशीवर एक थेंबही नव्हता. पाणी इंजिनच पितंय, आतल्या आत गळून जळतंय.

तुला शाळेतल्या शर्यतीचा दिवस आठवतो? तुला ताप होता, आईने थर्मामीटर लावला. तिची पाठ वळली तेव्हा तू डोळ्यांनी खुणावलंस आणि मी पारा झटकून खाली आणला. दुसऱ्या फेरीत तू मैदानावर कोसळलीस. त्या तापाने तुझा डावा कान गेला. आईने किती खोदून विचारलं, पण तू माझं नाव घेतलं नाहीस. आजही तू फोन उजव्या कानाकडे नेतेस तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

बॅटरी मी काढून नेली आहे. चावी लपवून भागलं नसतं, दुसरी भावोजींच्या खिशात असते आणि ते माझं ऐकणार नाहीत, तुझंही नाही. आज संध्याकाळच्या आत अकराही घरी फोन कर. का जाणार नाही, असं विचारतील. गाडी बिघडली एवढंच सांगून मोकळी होऊ नकोस, तू तसंच करशील हे मला माहीत आहे. मीटर कुणी खोटा केला ते सांग. भावोजींनाही सांग. त्या वेळी तू मला झाकलंस. या वेळी माझं नाव घे.

तुझाच,
धाकटा