नळाला पाणी आलं, असं मी लिहिलं

बुधवार, दिवेलागण

चैन पडेना. कॉलनीत टँकरचा नंबर लावायची वेबसाइट मीच केली, लॉगिनसाठी फुकटातलं तयार जोड-सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगइन, तेही मीच बसवलं. त्यातल्या नावाच्या रकान्यात कोणी कोड लिहिला तर तो यादी उघडणाऱ्याच्या स्क्रीनवर चालतो, असं कळलं, म्हणून सकाळी स्वतःच करून पाहिलं. चाचणीला चौकट दाखवणारा कोड टाकला, चौकटीत सुचलं ते लिहिलं: 'नळाला पाणी आलं'. पुसायचं राहिलं.

दुपारी सेक्रेटरी काकांनी यादी उघडली आणि त्यांच्या स्क्रीनवर ती चौकट उमटली. त्यांना वाटलं, महापालिकेचाच निरोप. गच्चीवरून ओरडले. अख्खी कॉलनी सार्वजनिक नळावर. धुणीभांडी करणाऱ्या गयामावशींचा पितळी हंडा सगळ्यात पुढं.

तासाभरानं लोक महापालिकेला शिव्या देत परतले. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर अशाच कोडनं काकांचं लॉगिनच पळवलं असतं. मग सगळे टँकर एकाच दारात.

राहवेना, नळावर गेले. मावशी हंड्याशेजारी बसून होत्या.

"मावशी, ते मी लिहिलं होतं. माझ्या घरून."

"व्हय? मग काकांच्या घरी कसं उमटलं ते?"

एवढा साधा प्रश्न. प्लगइन बसवताना मला का नाही पडला?

मावशी उठल्या, पण हंडा नळाखालीच ठेवला. "राहू दे पोरी. आलंच तर?"

प्लगइन काढलं. आता काकांना खरं सांगायचंय, आणि त्यांच्या घरी जायचं तर त्या हंड्यावरूनच जावं लागतं.