गुलाबी डब्यातला रेडिओ

किहीम, मार्च १९६३

ती. येसाजीदादास,

सदाचा सादर नमस्कार. तुझा दमा कसा आहे? वहिनींना आणि मुलांना आठवण सांग. इकडे सगळे मजेत, म्हणजे आई सोडून. ती, म्हणजे तुझी आत्या, विहिरीवर पडल्यापासून खाटेवरच आहे हे तुला ठाऊक आहेच. पण मोडलेल्या हाडापेक्षा तिच्या गप्प राहण्याचं मला जास्त भय वाटत होतं. अख्ख्या आळीला बोलून दमवणारी बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, विचारलं तर नुसतं हूं. म्हणून तर तुझ्याकडे रेडिओचं सामान मागवलं.

तू पाठवलेल्या सामानाची जुळणी मी फळीवर केली. कानात घालायची ती गुंडी लावली आणि मुंबई स्टेशन खणखणीत बोललं! (मी एकटाच अंगणात नाचलो. शेजारच्या रंगूनं पाहिलं, त्याला इलाज नाही.) पण उघड्या तारा खाटेवर कशा ठेवणार? म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, तर आवाज गुडूप. पत्र्यात लहरी शिरत नाहीत, प्लास्टिकच हवं, हे तू चिठ्ठीत लिहिलं होतंस. ती चिठ्ठी मी नंतर वाचली.

आता आमच्या घरात प्लास्टिकची वस्तू एकच, राहीला संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेला गुलाबी डबा. ती त्याला पाणीसुद्धा लागू देत नाही. सुदैवाने ती माहेरी, बोर्ली पंचतनला गेली होती. मी आतल्या लवंगा काढून वाटीत ठेवल्या.

भोकं कशी पाडायची? बायका रांगोळीच्या कागदाला उदबत्तीनं भोकं पाडतात, तसं म्हटलं करावं. तीन उदबत्त्या विझल्या, घरात देवळासारखा वास, आई भिंतीकडूनच म्हणाली, "कोन गेला रं?" मग छत्रीची काडी चुलीत लाल केली. ती इतकी सहज आत गेली की माझा अंगठाही मागोमाग गेला. (फोड आहे, काळजी नसावी.) बटणासाठी पाडलेल्या भोकातून बटण आत पडलं, ते लाखेनं चिकटवलं. झाकण केळीच्या पानासारखं वळलं, त्याला सुतळी बांधली. शेवटचं भोक मात्र माप चुकू नये म्हणून यंत्र आत बसवूनच पाडलं. थोडा धूर आला, पण प्लास्टिक म्हटलं की धूर आलाच.

आणि दादा, काय सांगू! गुंडी आईच्या कानात घातली, "येतं का ऐकू?" म्हटलं. ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "व्हय रं, लय ग्वाड वाजतंय." त्या दिवसापासून ती उशीला टेकून बसते. शेजारणी जमतात, आई त्यांना कीर्तन सांगते, मुंबईतली भांडणं सांगते. दुपारी स्टेशन बंद असतं म्हणतात, आपलं यंत्र तेव्हाही चालू! बॅटरीही उतरत नाही. मी ऐकायला मागितलं तर म्हणते, "थांब, आता रंगात आलंय." मी रोज वाडीतल्या कामावरून लवकर येतो आणि खाटेपाशी बसून तिच्याकडून बातम्या ऐकतो. मला रडूच येतं बघ.

तुझा,
सदा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की हुबेहूब तसाच गुलाबी डबा ताबडतोब पाठव. राही कधीही येईल.

ता. क. दुसरा. भावजींना राहीचा नमस्कार. मी आले. ह्यांनी टपालात टाकायला दिलेलं पत्र रंगूनं माझ्या हाती दिलं. डबा पाठवू नका. हे वाडीत गेल्यावर मी गुंडी माझ्या कानात घालून पाहिली. त्यात काहीही वाजत नाही. सुतळी सोडून पाहिलं, तर आतली तार जळून तुटली आहे. सासूबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मला म्हणाल्या, "पोरानं माज्यासाटी हात भाजला, त्याला काय सांगू?" तुम्ही रजा काढून या आणि ह्यांच्या नकळत तार जोडून द्या, असं मी लिहिणार होते. पण तसं सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आता सदा रोज येतो, 'आये, काय लागलंय' म्हनून बाजूला बसतो. रेडिओ नीट वाजाया लागला, तर त्यो बसल काय गं?" तेव्हा यायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.