नुमाइशीतली भाकर

॥ श्री शिव ॥
हैदराबाद, मार्गशीर्ष वद्य ५, शके १८३४

ती. स्व. शिवकांताअक्कास धाकट्या मन्मथचे शि. सा. न. वि. वि.

इकडील क्षेम. रीत म्हणून क्षेम लिहिलं. मन ठिकाणावर नाही. हे पत्र राधाकिशन मास्तरच तुला वाचून दाखवतील. त्यांनाही कळू दे.

परवा दफ्तरचे साहेब मला बागेतल्या नुमाइशीत, म्हणजे सरकारी प्रदर्शनात, घेऊन गेले. तिथं आपल्या मुलखातलं जुनं खेडं उभं केलेलं. कुडाच्या भिंती, जातं, उखळ, आणि दाखवायला खरीखुरी माणसं. चुलीपुढं तू! तहसिलानं पाटोद्याहून तुला आणल्याची मला गंधवार्ता नव्हती. तू हसलीस, भाकरीचा पापुद्रा सोलून त्यावर तेल-मीठ घातलंस आणि लहानपणी धरायचीस तसा माझ्यापुढं धरलास. ओळखीची बाई आहे का, असं साहेबांनी विचारलं. मी शहरचाच, असं दफ्तरात सांगत आलोय. नाही म्हणालो. वर, असलं आमच्यात खात नाहीत, असंही म्हणालो.

आई गेल्यावर त्याच हातांनी तू मला वाढवलंस. थू माझ्या जिनगानीवर! तू पापुद्रा परातीत ठेवलास. दुसऱ्या दिवशी धावत आलो तर तुम्ही सगळे गावाकडं निघून गेलेले. रागाचे दोन शब्द तरी लिहून पाठव.

तुझा अपराधी,
मन्मथ

पाटोदे, पौष शुद्ध १०

चि. मन्मथास शिवकांताचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मास्तर वाचता वाचता थांबले अन् माझीच मान खाली गेली. कावून म्हणशील, तर आल्याबरोबर मी त्यास्नी अन् अख्ख्या आळीला सांगितलतं, मन्मथ भेटला, चुलीपाशी बसून माझ्या हातची भाकर पोटभर खाल्ली. माझं पितळ उघडं पडलं बघ. मास्तर भले हायेत, कुणाला सांगणार न्हाई म्हणले.

परक्या लोकांपुढं जात्यावर बसायची मला लई लाज वाटत हुती. पर हैदराबादेत तू हायेस, तेवढ्यासाठीच कबूल झालते. राग आला हुता, खोटं कशाला बोलू? तू न्हाई खाल्लास तो पापुद्रा एका मडमेनं उचलून खाल्ला. ते मला लई झोंबलं.

आता शिवरात्रीचं पारणं इथं करायला ये. समद्या आळीदेखत चुलीपाशी बस अन् भाकर खा. तुझ्यापायी बोललेलं माझं खोटं तेवढं खरं कर, बाबा.

लोभ हाय, तो कुठं जातोय?
तुझी अक्का